अंड्यांवर बसलेली राणी

"ते पाखरू अजून हाय म्हणं तुमच्या परड्यात?"

जीपमधून पाय खाली टेकायच्या आत मामींनी हे विचारलं. राम राम नाही, कसं काय चाललंय नाही. हलव्याच्या दागिन्यांचा डबा त्यांनी छातीशी असा धरला होता की मी हात पुढे केला असता तरी तो माझ्या हातात आला नसता.

"हाय की," मी म्हणालो. "बसलंय."

"बसलंय म्हंजे?"

"अंड्यांवर बसलंय."

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी जीपच्या टपाकडे पाहिलं. मामी म्हणजे माझी सासू शालन, आणि मामा म्हणजे सासरे. बाका प्रसंग आला की मामा असे कशाकडे तरी बघत राहतात. त्यांच्या संसाराची घडी त्यामुळेच टिकली असावी.

संक्रांतीचा दिवस होता. माझ्या पोरीचं, तेजूचं, बोरन्हाण होतं. तेजू आठ महिन्यांची होती आणि तिची आई छाया जाऊनही आठ महिने होत आले होते. हे दोन्ही एका दमात बोलून दाखवल्याशिवाय गावातल्या कुणालाही चैन पडत नसे.

मी सामान उतरवायला जीपच्या मागं गेलो. तिथं सीटवर पाळण्याची नवी कोरी गादी होती. गुलाबी, तिच्यावर बदकं छापलेली. आमच्या घरात पाळणा नव्हता हे मामींना चांगलं ठाऊक होतं. म्हणजे ही गादी इथं ठेवायला आणलेली नव्हती, जाताना तिच्यावर कुणाला तरी निजवायचं होतं. बोरन्हाण हे निमित्त होतं, माझी पोरगी न्यायला आले होते.

मी गादी होती तिथंच ठेवली आणि दार आपटलं.

मी निवास सुतार. नाव सुतार असलं तरी रंधा कधी धरला नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी वायंडिंग करून देतो. घराच्या पुढच्या अंगाला दुकान, मागं परडं. दुकानात एक लोखंडी अँगल आहे, त्याला चेनपुली लावून मोटार टांगतात. छाया गेल्यावर मी त्याच अँगलला तिच्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि हातानं तार भरायची. पोरगी झोपायची, मोटारही भरून व्हायची. पारावर जाणारे येणारे दारात थांबून विचारायचे, "काय बाळंतीण, आज अंग कसं हाय?" मी म्हणायचो, "बरं हाय. काय काम काढलंसा?" काम नसेल तर पुढं जायचे.

घरात मी, तेजू आणि माझी तानूआत्या. आत्या म्हणजे वडलांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडंच. तोंडानं फटकळ, हातानं मऊ.

आणि परड्यात राणी.

राणी हा इमू. तेव्हा तालुक्यात इमूचं खूळ आलं होतं. माझा चुलतभाऊ संपत, त्यानंही फार्म काढला. मोठे झालेले पक्षी कंपनी घेऊन जाणार असं ठरलं होतं. पण एके दिवशी कंपनीच कुलूप लावून गेली. संपतनं थोडे दिवस चारा घातला, मग कंटाळून जाळीचं दार उघडून दिलं. "जावा कुठं जायचं तिकडं," म्हणाला. कुठं जाणार होते? समुद्रापल्याडच्या देशाचं पाखरू, त्याला आमचा ओढा कुठं जातो तेही माहीत नाही. काही कुत्र्यांच्या तोंडी गेले, काही डांबरीवर ट्रकखाली आले. दोन आमच्या परड्यात शिरले.

माणसाएवढे उंच, धुळीच्या रंगाची पिसं अंगावर लोंबलेली, लांब मानेवर कोंबडीसारखं डोकं आणि बघणं असं, जसं काही आपणच त्यांच्या घरात न विचारता आलोय. छायाला तेव्हा सातवा महिना होता. तिनं घमेल्यात पाणी भरून त्यांच्यापुढं सरकवलं.

"हाकल की त्यांना," मी म्हणालो.

"पानी पिऊ द्या. पिऊन जातील."

पाणी प्यायले आणि गेले नाहीत. त्यातला एक अंगानं मोठा, गळ्यातून ढोल वाजवल्यासारखा घुमायचा. घराच्या भिंतीला कान लावला तरी ऐकू यायचा. त्याचं नाव छायानं पैलवान ठेवलं. दुसरं पाखरू गप्प, नुसतं घशात गुरगुरणारं. ती राणी.

हे पाखरू पाळण्यात शहाणपण होतं का? मुळीच नव्हतं. त्याच्या लाथेनं जाळी फाटते. रोज घमेलंभर पाणी पितं. चमकेल ते गिळतं, माझे बेअरिंगचे किती छर्रे राणीच्या पोटातून फिरून आलेत त्याचा हिशेब नाही. आजही कुणी मला विचारलं की इमू पाळू का, तर मी नको म्हणतो. पण हे नको म्हणणं आणायच्या आधीचं असतं. दारात आलेल्याला पाणी पाजून झाल्यावर मग कसलं नको?

दिवाळीच्या सुमाराला परड्यात अंडी दिसायला लागली. हापूस आंब्यापेक्षा मोठी, काळपट हिरवी. मग एका पहाटे पैलवान कुंपणावरून पडला की उडी मारून गेला कोण जाणे, ओढ्यात कुत्र्यांनी त्याला फाडलेला सापडला. आणि तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात राणीनं सगळी अंडी शेवग्याखाली गोळा केली आणि त्यांच्यावर बसली. बसली ती बसलीच, मग मी तिच्यापुढं जाळी मारली. खाणं बंद, पाणी जवळजवळ बंद. एरवी आत्याच्या हातातली भाकरी हिसकावून घेणारी ही बया, तोंडापुढं लसूणघास ठेवला तरी ढुंकून बघेना.

आत्याला ते सोसलं नाही. बाळंतिणीनं उपाशी राहायचं म्हणजे काय? तिनं आळीवाची खीर केली, डिंकाचे लाडू कुस्करले, मेथी चिरून घातली. सगळं मुंग्यांनी खाल्लं. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. कुणीतरी हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि तिथं दुसराच पेच उभा राहिला. पैलवान मेलेला. मग राणीला कुंकू लावायचं कसं?

परड्यात यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, नुसती हळद लावा. कुणी म्हणालं, पाखराला कसला आलाय नवरा. शेवटी आत्यानं कोयरी ओढून घेतली.

"द्या हिकडं. रांडमुंडीला रांडमुंडीनं लावलं, तर कुनाच्या बाचं काय जातंय?"

आणि तिनं राणीच्या पाठीमागच्या भिंतीवर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली. राणीनं मान वळवून त्याचा वास घेतला. आत्या त्या दिवशी फार खुशीत होती.

पण राणी वाळत चालली होती. पाठीवरचं हाड दिसायला लागलं. म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्यानं तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. नलवडे मॅडम, नव्याच आल्या होत्या. म्हणाल्या, उद्या दुपारी तुमच्याच रस्त्यानं माझ्या गावाकडं जाणार आहे, जाता जाता बघून जाते.

तर अशी आमच्या घराची अवस्था, आणि त्यात मामी गादी घेऊन आलेल्या.

सोप्यात पाट मांडला होता. तेजूला काळं झबलं घातलं. मामींनी डबा उघडून एकेक दागिना तिच्या अंगावर चढवला. हलव्याचा मुकुट, हार, बिंदल्या, कंबरपट्टा. हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं, त्यांच्या बोटांना सुईच्या खुणा होत्या. तेजूनं लगेच एक बिंदली तोंडात घातली. मामी हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या माझ्याकडं वळल्या तेव्हा मात्र डोळे कोरडे होते.

परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, रेवड्या. गल्लीतली पोरं पाटाभोवती उकिडवी बसलेली. मी मापटं उचललं.

"तुम्ही नगा," मामी म्हणाल्या.

"का?"

"आई घालती. आई नसली की आजी घालती. बापयनं बोरन्हाण घातल्यालं कुठं बघितलंय का?"

"मग आज बघायचं."

"निवासराव, चार बाया बसल्यात. हसं करून घिऊ नगा."

त्यांनी मापटं माझ्या हातातून काढून घेतलं. मी सोडलं, पोरांसमोर ओढाताण नको म्हणून. त्यांनी भरून पहिलं मापटं तेजूच्या डोक्यावरून ओतलं. पोरं तुटून पडली. बोरं घरंगळली, कुणाचं डोकं कुणावर आपटलं, एकच कालवा झाला. त्या कालव्यातच मामींनी सांगून टाकलं. कदाचित मुद्दामच.

"आज सांजच्याला तेजूला घिऊन जातोय आमी. कायमची."

"न्हाई," मी म्हणालो.

"मी इचारलं न्हाई. सांगितलं."

"मीबी सांगतोय. न्हाई."

मी दुकानात गेलो, म्हणजे सोपा आणि दुकान यांच्यामधल्या उंबऱ्यापलीकडं. मामी माझ्या मागं आल्या. मामा आले आणि चेनपुलीकडं बघत उभे राहिले. आत्या उंबऱ्यातच बसली.

"झोळी," मामी म्हणाल्या. "जळक्या मोटारीशेजारी लेकरू टांगलंय. वार्निसचा वास बघा कसा मारतोय. हे घर हाय का?"

"वार्निसचं काम मी बाहेर अंगणात करतो. तेव्हा तिला सोप्यात निजवतो."

"आनि आता ती रांगाय लागलीया. उद्या चालंल. परड्यात ते राक्षेस. एक लाथ घातली तर? तुमच्या गावातलीच मानसं येऊन सांगत्यात मला, शालनबाई, जावयाचं डोस्कं फिरलंय, बायकू गेल्यापासनं पाखरू कुरवाळत बसतोय."

"कोण सांगतंय, नाव सांगा."

"नाव घिऊन काय करनार? मारनार?"

"न्हाई. त्याची मोटार जळली की दुसरीकडं न्यायला सांगनार."

मामांच्या तोंडातून बारीकसा आवाज आला. हसले की खोकले ते कळलं नाही. मामींनी त्यांच्याकडं बघितल्यावर पुन्हा चेनपुली.

"चेष्टेवारी नेऊ नगा," मामी म्हणाल्या. "एक करा. पाखरू घालवून द्या. निदान मला दिसू द्या की पोरीपरास तुमाला दुसरं काय मोठं न्हाई. मग बघू पुढचं."

खरं सांगतो, त्या क्षणी मी डगमगलो. संपतला हाक मारली असती तर त्यानं संध्याकाळपर्यंत राणीला टेम्पोत घालून कुठंतरी माळावर सोडलं असतं. अंडी मोडली असती, पोरगी राहिली असती. दोन मिनिटांचं काम होतं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "पोरगी कुठाय?"

पाट रिकामा होता. पोरं अजून बोरांवरून भांडत होती. मागचं दार, ज्याची कडी मी नेहमी लावून ठेवतो, ते उघडं होतं. पोरांपैकी कुणीतरी राणी बघायला गेलं असणार.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. तेजू जाळीपाशी पोचली होती. मुकुट कानावर कललेला, केसांत चुरमुरे. जाळीच्या भोकातून तिनं हात कोपरापर्यंत आत घातला होता. आणि राणीनं, अंड्यांवरून न उठता, मान जमिनीलगत लांब करून तिच्या गळ्यातला हलव्याचा हार चोचीत धरला होता.

मी तेजूला उचलण्याच्या आत राणीनं हार ओढला. दोरा तुटला. पांढरे दाणे टपटप मातीत पडले. राणीनं एक दाणा उचलला, तोंडात फिरवला आणि टाकून दिला. तेजू खदखदून हसली.

मामींनी तिला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. 

"बगितलंसा? डोळा फोडला असता."

"हो," मी म्हणालो. "फोडला असता."

मी वाद घालीन असं त्यांना वाटलं असावं. 

"मग?"

"मग काय. आज ह्या जाळीच्या पुढं हातभर सोडून दुसरी जाळी मारतो. दाराला वर खिट्टी बसवतो, पोरांच्या हाताला येणार नाही अशी."

"आनि पाखरू?"

"राहील."

"आनि पोरगी?"

"तीबी."

"माझी लेक तुमच्या घरात मेली, निवासराव."

 हे वाक्य आठ महिने आमच्या दोन घरांच्या मध्ये पडून होतं. ते कुणीतरी उचलणार हे मला माहीत होतं. बाळंतपणानंतरचा ताप होता, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता, आणि तो उशीर कुणामुळं झाला हे ना मला सांगता येत होतं ना त्यांना.

"माझ्या घरात मेली," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही. "तिनं एका पाखराला पानी पाजलं आनि एकीला जल्म दिला. दोन्ही माझ्यावर सोडून गेली. त्यातलं एक ठेवतो आनि एक घालवतो, असं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. आज तुमच्या धाकानं पाखरू घालवलं तर उद्या कुनाच्या तरी धाकानं पोरगी घालवीन. मग तुमीच म्हनाल, हा असलाच हाय."

"बोलाय काय जातंय? लेकराला आई लागती, आई न्हाई तर आजी. बापयच्यानं हुत नसतं हे." मामींनी तेजूला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं राणीकडं बोट दाखवलं. "त्या मुक्या जिवाकडं बगा. तुमीच म्हनालासा बसलीया म्हनून. वाळून काटकी झाली, पर अंड्यावरनं उठंना. आई हाय ती. आनि तिचा पैलवान? गावभर घुमत हिंडला आनि कुत्र्याच्या तोंडी गेला. बापयची जातच तसली. तुमचं पाखरूच सांगतंय तुमाला, माझं नगा ऐकू."

 तोडीस तोड उत्तर देणारा म्हणून माझी गावात ख्याती आहे, पण राणी डोळ्यांपुढं बसलेली होती आणि मामी बोलत होत्या ते दिसत होतं.

पुढं अंगणात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. नलवडे मॅडम आल्या. अंगावर काळी चंद्रकळा, हातात दवाखान्याची पेटी. परड्यात एवढी माणसं तोंडं करून उभी बघून त्या जरा बिचकल्या.

"आजारी कोण आहे?"

"ही बगा की बाई," आत्या पुढं झाली. "तुळशीच्या लग्नापासनं अन्नाचा कन न्हाई. खीर केली, लाडू केलं. आई झाली म्हनून असं जीव देत्यात का?"

मॅडम जाळीपाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ राणीकडं बघत होत्या. राणीनं मान वर करून घशातल्या घशात गुरगुर केली. मॅडमनी माझ्याकडं वळून विचारलं, "आवाज नेहमी असाच काढतो?"

"असाच."

"ढोलासारखा घुमत नाही?"

"ही न्हाई. ढोल वाजवायचा तो पैलवान. तो मेला. अंडी झाल्यावर."

"म्हणजे मादी मेली," मॅडम म्हणाल्या. "इमूमध्ये ढोल वाजवते ती मादी. अंगानंही तीच मोठी असते. अंडी घालून ती निघून जाते. पुढचं सगळं हा करतो. अंडी फुटेपर्यंत उठत नाही, खात नाही. पिल्लं निघाली की त्यांना घेऊन हाच हिंडतो. आजारी नाहीये तो. असाच बसतो."

"हा म्हंजे?" आत्यानं विचारलं.

"हा नर आहे, आजी. बाप आहे हा."

 दाराशी येऊन उभी राहिलेली पोरं पुढं सरकली.

"आगं बया," आत्या म्हणाली. "आनि मी ह्याला आळीव घातलं."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी मामींकडं बघितलं नाही. मला बघवलं नाही म्हणा. पण त्या जाळीजवळ गेल्या ते जाणवलं. तेजूला खांद्यावर घट्ट धरून त्या राणीसमोर उभ्या राहिल्या. भिंतीवर आत्यानं ओढलेली हळदीकुंकवाची बोटं होती, तिथंच पाठ टेकून तो बसला होता.

"म्हंजे मेली ती आई," मामी म्हणाल्या.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"आनि हा तवापासनं जेवला न्हाई."

"नाही."

मामी वळल्या. मला वरपासून खालपर्यंत त्यांनी पाहिलं, जसं आठ महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. माझा शर्ट तेव्हा अंगावर लोंबत असे.

"तुमी सकाळधरनं काय खाल्लंय?"

मला आठवेना. आत्या म्हणाली, "चहा."

मग मामा बोलले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य. "शालन, परातीतलं तसंच पडलंय. बोरन्हाण अर्धंच झालंय."

मामी घरात गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग गेलो, मॅडमसुद्धा. मामींनी तेजूचा मुकुट सरळ केला, तिला पाटावर बसवलं, परात पुढं ओढली. मापटं काठोकाठ भरलं. एकदा ते तेजूच्या डोक्यापर्यंत नेलं आणि तिथंच थांबल्या. मग माझ्यासमोर धरलं.

"धरा."

मी हात शर्टाला पुसले.

"धरा की. का त्याला बोलवू परड्यातनं?"

मी मापटं घेतलं. शेजारच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, त्यांना बघू दिलं. तेजूच्या डोक्यावर मी ते सावकाश उपडं केलं. बोरं तिच्या खांद्यावरून, मांडीवरून घरंगळली, चुरमुरे झबल्यावर चिकटले. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि एक बोर उचलून मला देऊ केलं. पोरं पुन्हा तुटून पडली. मी दुसरं मापटं भरलं, मग तिसरं. परात रिकामी होईपर्यंत मी कुणाच्या हातात मापटं दिलं नाही.

मामींनी मला समोर बसवून गुळाची पोळी आणि तूप वाढलं आणि ताट संपेपर्यंत पुढ्यातून हलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना बजावलं, "दर महिन्याला येनार मी. जाळी ढिली दिसली की पोरगी उचलून नेनार."

"या," मी म्हणालो.

मामांनी जीपच्या मागचं दार उघडलं, ती गुलाबी गादी काढली, दुकानात नेली आणि झोळीत घालून दोनदा हातानं दाबून बघितली. मग जाऊन पुढच्या सीटवर बसले.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात दोन पिल्लं निघाली, अंगावर पट्टे असलेली. बाकीची अंडी वाया गेली. बाप पहिल्यांदा उठला तेव्हा त्याच्या पायांत बळ नव्हतं, पण दोन पावलं टाकून तो आधी पिल्लांच्या आणि जाळीच्या मध्ये येऊन उभा राहिला. मामी ठरल्याप्रमाणं दर महिन्याला येत राहिल्या. जाळी हलवून बघायच्या, मग तेजूला मांडीवर घ्यायच्या. तेजू आता सातवीत आहे, आजीच्या भाषेत भांडते आणि माझ्यासारखी हट्ट करते.

पाखरू अजून आहे. नर आहे हे कळल्यावर पुष्कळांनी सुचवलं की आता नाव तरी बदला, राजा म्हणा, बाप्या म्हणा, लोक हसतात. मी बदललं नाही. पारावरचे मला अजून बाळंतीण म्हणतात आणि मी वळून विचारतो, काय काम काढलंत. राणी म्हणून हाक मारली की तोही मान वळवतो, आणि येतो.